मूत्रपिंडातील गाठ आणि न्यूक्लियर स्कॅन : चोपडा ते नाशिक, एका सेवेचे परीक्षण

खानदेशात कुणाच्या पोटात गाठ निघाली की दुसऱ्या दिवसापासून नातेवाइकांचे फोन सुरू होतात आणि त्यांतील निम्म्या फोनवर एकच सल्ला असतो : "पेट स्कॅन करून टाका, सगळं कळतं." फुप्फुस, स्तन, लिम्फोमा अशा बऱ्याच आजारांत हा सल्ला उपयोगी पडतो. मूत्रपिंडात नुकत्याच सापडलेल्या लहान गाठीच्या बाबतीत मात्र नेहमीचा पेट स्कॅन बहुधा काहीच ठरवून देत नाही, आणि हे सांगणारे माणूस वेळेवर भेटले नाही तर रुग्णाचे पैसे, प्रवास आणि धीर हे तिन्ही खर्ची पडतात. माझ्या मोठ्या बहिणीच्या यजमानांच्या, म्हणजे आमच्या दाजींच्या, डाव्या मूत्रपिंडातील गाठीचे सेस्टामिबी स्पेक्ट-सीटी (किरणोत्सारी औषध टोचून ते शरीरात कुठे साचते याची चित्रे सीटीवर बसवून पाहणारे) हे स्कॅन नाशिकमधील एका खाजगी न्यूक्लियर मेडिसिन केंद्रात करून घेतले. त्या स्कॅनचे आणि तो करून देणाऱ्या सेवेचे हे परीक्षण आहे.

आधी दुखणे थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण स्कॅन चांगला की वाईट हे तो कशासाठी केला यावर ठरते. दाजी चोपडा तालुक्यातील केळी बागायतदार. पारा 45 अंशांच्या घरात जाणाऱ्या उन्हात आयुष्य काढलेल्या आणि पाणी पिण्यात हयगय करणाऱ्या आपल्याकडच्या अनेक शेतकऱ्यांप्रमाणे त्यांनाही मुतखड्याचा जुना त्रास होता. त्यासाठी जळगावात केलेल्या सोनोग्राफीत डाव्या मूत्रपिंडावर सुमारे 3 सेंटिमीटरची भरीव गाठ दिसली. दुखणे नव्हते, लघवीतून रक्त नव्हते. मूत्रपिंडाच्या गाठी हल्ली बहुतेक अशाच, दुसऱ्या कारणासाठी केलेल्या तपासणीत सापडतात. पुढे केलेल्या सीटीत गाठ रंगद्रव्य शोषून उजळली, तिच्यात चरबी दिसली नाही, त्यामुळे कर्करोगाची शंका बळावली. पण सीटीला याहून पुढे जाता येत नाही. 4 सेंटिमीटरपेक्षा लहान अशा भरीव गाठींपैकी सुमारे पाचवा भाग निरुपद्रवी निघतो, आणि त्यांत ऑन्कोसायटोमा नावाची जी गाठ असते ती सीटीवर हुबेहूब कर्करोगासारखी दिसते.

एरवी अशा वेळी यूरोलॉजिस्ट गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा भाग कापून काढतात व प्रश्न मिटतो. येथे अडचण अशी की वर्षानुवर्षांच्या खड्यांनी उजवे मूत्रपिंड आक्रसले होते आणि प्रत्येक मूत्रपिंड किती काम करते हे मोजणाऱ्या डीटीपीए रेनोग्राममध्ये त्याचे काम एकूण कामाच्या पाचव्या हिश्शावर आलेले दिसले. म्हणजे गाठ होती ती कमावत्या मूत्रपिंडावर. शस्त्रक्रियेत ते मूत्रपिंड दुखावले असते तर डायलिसिस दूर नव्हते. त्यामुळे चाकू लावण्यापूर्वी गाठीची जात शक्य तितकी कळावी, असे जळगावच्या यूरोलॉजिस्टांचे म्हणणे पडले. दाजींनी ते अहिराणीत एका वाक्यात आटोपले : "गाठ वाईट शे का नही, एवढं सांगा."

आता केंद्राविषयी. पहिली तक्रार पहिल्याच फोनची आहे. घरच्या एकाने परस्पर फोन लावला, "किडनीत गाठ आहे, पेट करायचा आहे" असे सांगितले, आणि पलीकडून एकही प्रश्न न विचारता तारीख, रक्कम आणि पथ्याची यादी व्हॉट्सॲपवर आली. आदल्या दिवशी भात, पोळी, गोड आणि फळे बंद, सहा तास उपाशीपोटी या, मधुमेह असल्यास साखर आटोक्यात हवी. फळांत केळ्याचे नाव मुद्दाम ठळक केलेले होते. जन्मभर केळी पिकवलेल्या माणसाने ती यादी ज्या नजरेने वाचली ती पाहण्यासारखी होती. पथ्य योग्यच होते, कारण नेहमीच्या पेटमध्ये टोचले जाणारे एफडीजी हे औषध म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखरच असते, आणि रक्तात इतर साखर भरपूर असली तर चित्र बिघडते. पण कोणत्या अवयवासाठी, कोणत्या प्रश्नाच्या उत्तरासाठी आणि कोणाच्या चिठ्ठीवरून हा स्कॅन होणार आहे, हे विचारण्याची रीत नोंदणीच्या टेबलावर असायला हवी होती. ती नव्हती.

चोपड्याहून अमळनेर, धुळे, मालेगाव करीत नाशिक गाठायचे तर सकाळच्या वेळेसाठी मध्यरात्रीनंतर निघावे लागते. उपाशी, थकलेले दाजी केंद्रात पोहोचले आणि मग त्या केंद्राची सर्वांत जमेची बाजू समोर आली. तेथील न्यूक्लियर मेडिसिनच्या डॉक्टरांनी औषध टोचण्यापूर्वी सीटीच्या फिल्म मागवल्या, त्या प्रकाशफलकावर लावून पाहिल्या आणि शांतपणे सांगितले की हा स्कॅन मी करणार नाही. एफडीजी लघवीवाटे बाहेर पडते, त्यामुळे निरोगी मूत्रपिंडही चित्रात लखलखते. त्या उजेडात लहान गाठ शोधणे म्हणजे दिवसाउजेडी काजवा धरणे. शिवाय मूत्रपिंडाचे पुष्कळसे कर्करोग, विशेषतः सौम्य प्रतीचे, साखर फारशी ओढून घेतच नाहीत. गाठ उजळली नाही म्हणून ती निर्दोष असे म्हणता येत नाही आणि उजळली तरी जात कळत नाही. कर्करोग हाडांत, फुप्फुसांत किंवा अन्यत्र पसरल्याची शंका असेल, किंवा शस्त्रक्रियेनंतर तो परत आला का हे पाहायचे असेल, तर एफडीजी पेटचा उपयोग होतो. दाजींचा प्रश्न तो नव्हता. भरलेले आगाऊ पैसे परत मिळाले. स्वतःच्या केंद्राचा महागडा स्कॅन रुग्णाच्या हितासाठी नाकारणारे डॉक्टर नेहमी भेटत नाहीत, म्हणून हे सविस्तर लिहिले.

त्याऐवजी त्यांनी सुचवला तो सेस्टामिबी. हे औषध मुळात हृदयाचा रक्तपुरवठा पाहण्यासाठी वापरले जाते आणि थॅलियम स्कॅन म्हणून आपल्याकडे ज्याची ओळख आहे त्या तपासणीत पुष्कळदा हल्ली हेच टोचतात. त्यात टेक्निशियम-99एम हे किरणोत्सारी मूलद्रव्य असते. पेशीतील मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीची ऊर्जाकेंद्रे, जिथे दाटीवाटीने असतात तिथे सेस्टामिबी जाऊन बसते. ऑन्कोसायटोमाच्या पेशी मायटोकाँड्रियांनी गच्च भरलेल्या असतात, त्यामुळे ती गाठ उजळते. मूत्रपिंडाचा सर्वाधिक आढळणारा कर्करोग, क्लिअर सेल कार्सिनोमा, त्या मानाने मायटोकाँड्रियांत दरिद्री असतो आणि शिरलेले औषध बाहेर फेकणारे पंपही त्याच्या पेशींत असतात, त्यामुळे तो भोवतालच्या निरोगी भागापेक्षा काळा दिसतो. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील डॉक्टरांनी 2016 मध्ये 50 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील ऑन्कोसायटोमा व त्याच्या जवळच्या मिश्र अशा एकूण 8 गाठींपैकी 7 या स्कॅनमध्ये उजळल्या आणि उरलेल्या 42 गाठींपैकी 40 काळ्या राहिल्या. 50 ही संख्या लहान आहे, हे डॉक्टरांनी न विचारता सांगितले. क्रोमोफोब नावाचा मूत्रपिंडाचा एक कर्करोगही कधी कधी उजळतो, हेही त्यांनी तेव्हाच सांगितले. पुढे या वाक्याचे महत्त्व कळले.

येथे वाचकाला प्रश्न पडेल की मग कर्करोगच नेमका ओळखणारे औषध नाही का? आहे, आणि या क्षेत्रात सध्या सर्वाधिक चर्चा त्याचीच आहे. क्लिअर सेल कर्करोगात बहुधा व्हीएचएल हे जनुक निकामी झालेले असते. त्यामुळे ऑक्सिजन पुरेसा असूनही पेशी तो कमी असल्यासारखी वागते आणि आपल्या पृष्ठभागावर कार्बॉनिक अनहायड्रेज-9 या प्रथिनाचा थर चढवते. पेशी ऑक्सिजन कसा ओळखते याच्या ज्या संशोधनाला 2019 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यात विल्यम केलिन यांचे काम याच व्हीएचएलवर आहे. निरोगी मूत्रपिंडात हे प्रथिन जवळजवळ नसते. त्याला जाऊन चिकटणारे जिरेंटुक्सिमॅब नावाचे प्रतिपिंड आहे. त्याला किरणोत्सारी झिर्कोनियम-89 जोडून पेट स्कॅन केला, तर क्लिअर सेल गाठ ठळक दिसते आणि बाकीचे मूत्रपिंड अंधारात राहते. झरकॉन या नावाच्या चाचणीत 300 जणांना हे औषध दिले गेले आणि तिचे निष्कर्ष 2024 मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त आले. संवेदनशीलता 85.5 टक्के आणि विशिष्टता 87 टक्के निघाली. म्हणजे क्लिअर सेल कर्करोग असलेल्या शंभरांपैकी साधारण पंच्याऐंशी जणांत तो पकडला जातो, आणि नसलेल्या शंभरांपैकी सत्त्याऐंशी जणांना तो नाही असे योग्य सांगितले जाते. आकडे चांगले आहेत, पण उरलेल्या चौदा-पंधरा जणांचे काय, हा प्रश्न तेथेही राहतोच.

आम्ही त्याची चौकशी नाशिक आणि मुंबई दोन्हीकडे केली. ज्या केंद्रांशी बोललो त्यांपैकी एकाकडेही ते नव्हते. ते बनवणाऱ्या ऑस्ट्रेलियन कंपनीचा अर्जही अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने ऑगस्ट 2025 मध्ये उत्पादनप्रक्रियेतील उणिवांवर बोट ठेवून परत पाठवला होता. ते उद्या आपल्याकडे आले तरी खानदेशातील रुग्णाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रतिपिंड आकाराने मोठे असल्यामुळे ते रक्तातून सावकाश निवळते आणि गाठीवर सावकाश साचते. म्हणून टोचणे एका दिवशी आणि स्कॅन त्यानंतर सुमारे पाच दिवसांनी असतो. झिर्कोनियम-89 चा अर्धायुष्यकाल, म्हणजे किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ, तीन दिवसांहून थोडा अधिक आहे, म्हणूनच हे साधते. पण चोपड्याच्या, शहाद्याच्या किंवा मुक्ताईनगरच्या माणसाला त्यासाठी मोठ्या शहरात आठवडाभर राहावे लागेल किंवा तोच प्रवास पुन्हा करावा लागेल. प्रोस्टेटसाठी केला जाणारा पीएसएमए पेटही कुणी सुचवतात. क्लिअर सेल कर्करोगाच्या नव्या रक्तवाहिन्यांवर पीएसएमए हे प्रथिन असते हे खरे, त्यामुळे पसरलेला आजार शोधायला तो काही ठिकाणी वापरतात. पण निरोगी मूत्रपिंडही ते औषध भरपूर ओढते, म्हणून मूळ गाठीपुरता तो एफडीजीसारखाच आंधळा.

सेस्टामिबीची तारीख मिळाली आणि दुसरी तक्रार घडली. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी, गाडी ठरलेली असताना, केंद्रातून फोन आला की माल आला नाही, पुढच्या आठवड्यात या. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. टेक्निशियम-99एमचा अर्धायुष्यकाल फक्त 6 तासांचा, त्यामुळे ते साठवून ठेवता येत नाही. मॉलिब्डेनम-99 भरलेला जनरेटर केंद्रात येतो आणि त्यातून रोज सकाळी ताजे टेक्निशियम काढतात. मॉलिब्डेनमचाही अर्धायुष्यकाल 66 तासांचाच, म्हणून आठवडा सरता सरता जनरेटर निस्तेज होतो. नवा यायला उशीर झाला की त्या दिवशीचे सगळे रुग्ण परत. इथवर केंद्राचा दोष नाही. दोष असा की जनरेटर कोणत्या वारी येतो आणि उशिराची शक्यता किती, हे बाहेरगावच्या रुग्णाला तारीख देतानाच सांगता येते. नाशिकरोडला राहणाऱ्यासाठी रद्द झालेली तारीख म्हणजे रिक्षाचे भाडे वाचले. चोपड्याहून येणाऱ्यासाठी ती म्हणजे मोडलेले गाडीचे ठरवणे, बागेतील कापणीचे बिघडलेले वेळापत्रक आणि आजाऱ्याची आणखी एक जागती रात्र. व्यवस्थापकांना हे सांगितले तेव्हा त्यांनी ऐकून घेतले, वाद घातला नाही, पण आश्वासनही दिले नाही.

प्रत्यक्ष स्कॅनच्या दिवसाविषयी मात्र तक्रारीला जागा नाही. उपास नव्हता, पथ्य नव्हते. सीटीच्या वेळी लागते ते आयोडिनयुक्त रंगद्रव्य या तपासणीत टोचत नाहीत, ही दाजींसारख्या अशक्त मूत्रपिंडाच्या माणसासाठी फार मोठी सोय आहे. क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट तरीही मागितला गेला. हाताच्या शिरेत सुई ठेवली, शिशाच्या जाड आवरणातील सिरिंज आली, क्षणभरात औषध गेले. नंतर सुमारे सव्वा तास थांबायचे असते. औषध टोचलेल्यांची बसण्याची खोली वेगळी आणि शौचालयही वेगळे, दारावर किरणोत्साराची पिवळी खूण. नियम म्हणून हे सर्वत्र असायला हवे. येथे ते स्वच्छही होते, हे नमूद करतो. खोलीत सोबतच्या माणसाला बसू देत नाहीत, आणि ज्येष्ठ रुग्ण एकटा बसला की घाबरतो. तेथील तंत्रज्ञ तरुणीने दर थोड्या वेळाने डोकावून "आबा, पाणी प्या, लघवीला जाऊन या" असे म्हणत दाजींना बोलते ठेवले. स्कॅनपूर्वी तिने कडदोरा, चाव्या आणि बंडीच्या खिशातील तंबाखूची डबी काढून घेतली, आणि डबी परत देताना दोन शब्दही सुनावले. धूम्रपान हे मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे मान्य कारण आहे, मात्र दाजींची तंबाखू चघळायची, त्यामुळे त्यांनी तो उपदेश मनावर घेतला नसावा.

शरीरातून येणारे किरण टिपणाऱ्या गॅमा कॅमेऱ्याच्या दोन सपाट पेट्या पोटाभोवती हळूहळू फिरतात. एमआरआयसारखा आवाज नसतो आणि बोगद्यात कोंडल्यासारखेही होत नाही. हात मात्र डोक्यावर धरून पंधरा-वीस मिनिटे निश्चल पडावे लागते. खांदे आखडलेल्या माणसाला हाच खरा त्रास असतो. दाजींच्या कोपरांखाली उश्या दिल्या होत्या. शेवटी त्याच टेबलावर कमी मात्रेचा सीटी होतो आणि दोन्ही चित्रे एकमेकांवर बसवली जातात. तसे केले नाही तर आतड्यात उतरलेले औषध मूत्रपिंडातील गाठ समजले जाण्याचा धोका असतो, कारण सेस्टामिबी यकृतातून पित्तावाटे आतड्यात जाते. म्हणून ज्या केंद्रात नुसता गॅमा कॅमेरा आहे आणि सीटी जोडलेला नाही तेथे ही तपासणी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. परतताना त्या दिवसापुरते लहान मुलांना मांडीवर न घेण्याची आणि गरोदर स्त्रियांपासून अंतर राखण्याची सूचना मिळाली. पाणी भरपूर पिण्यास सांगितले.

डॉक्टरांनी चित्र संगणकावर दाखवून समजावले. भोवतालच्या निरोगी मूत्रपिंडाइतकीच गाठ उजळली होती. डाव्या बाजूच्या त्या पिवळसर उंचवट्याकडे बोट दाखवून ते म्हणाले की ही ऑन्कोसायटोमाच्या बाजूची खूण आहे, पण मी तसे प्रमाणपत्र देणार नाही. अहवालातही तेच शब्द जपून आले होते आणि बायोप्सीशी पडताळून पाहावे अशी सूचना होती. आमच्यापैकी काहींना हे पटले नाही. बायोप्सी करायचीच होती तर स्कॅन कशाला, असा सूर निघाला. तो प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर जळगावच्या यूरोलॉजिस्टांनी दिले. सुईने काढलेला तुकडा लहान असतो, आणि ऑन्कोसायटोमा व क्रोमोफोब यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकींच्या फार जवळ जातात. गाठ काळी निघाली असती तर त्यांनी बायोप्सीत वेळ न घालवता शस्त्रक्रियेची तयारी केली असती. ती उजळली म्हणून सुई घालून पाहण्याला अर्थ आला. बायोप्सीचा निकाल ऑन्कोसायटोमाशी सुसंगत आला. स्कॅन आणि तुकडा एकाच दिशेने बोलत असल्यामुळे चाकू बाजूला ठेवून गाठीवर नजर ठेवण्याचे ठरले.

अहवालाच्या बाबतीत दोन उणिवा आहेत. तो पूर्णपणे इंग्रजीत होता. त्याची चार ओळींची मराठी टिपण जोडणे अवघड नाही. आणि चित्रांची सीडी जळगावच्या दवाखान्यातील संगणकावर उघडेना. फिल्मवर काम भागले, तरी वर्ष-दोन वर्षांनी तुलना करायची वेळ आली तर मूळ चित्रेच लागतात. सीडी घेतली की केंद्रातच एकदा उघडून दाखवायला सांगावे, आणि पेन ड्राइव्हवर प्रत मागावी. आम्हाला ती नंतर मागितल्यावर मिळाली.

खर्च एफडीजी पेटच्या आधी सांगितलेल्या रकमेपेक्षा बराच कमी आला. आमच्या खिशाला त्याहून जास्त लागले ते गाडीभाडे आणि एक फुकट गेलेली तारीख. वैद्यकीय बाजूला मी या केंद्राला पैकीच्या पैकी गुण देईन. नोंदणी आणि बाहेरगावच्या रुग्णांशी संपर्क या बाजूला निम्मे देतानाही हात आखडतो. तरीही जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातील कुणाच्या मूत्रपिंडात 4 सेंटिमीटरच्या आतली भरीव गाठ सापडली असेल, दुसरे मूत्रपिंड अशक्त असेल किंवा वयामुळे शस्त्रक्रिया जड जाणार असेल, तर यूरोलॉजिस्टांना या स्कॅनविषयी जरूर विचारावे. केंद्राला फोन करताना "स्कॅन कधी" याआधी "औषध कोणते टोचणार, गॅमा कॅमेऱ्याला सीटी जोडलेला आहे का, आणि जनरेटर कोणत्या वारी येतो" हे विचारून घ्यावे, आणि सीटीच्या फिल्म आधी पाठवाव्यात. दोन्ही मूत्रपिंडे धडधाकट असलेल्या, तरुण आणि शस्त्रक्रियेला राजी रुग्णाचा निर्णय या स्कॅनने फारसा बदलणार नाही. त्याने त्यापायी दिवस घालवू नयेत.

दाजींची पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. ती जळगावातच होईल, आणि गाठ वाढलेली नसेल तर सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन एवढेच पुरेल. सेस्टामिबी पुन्हा करण्याची गरज नाही, असे यूरोलॉजिस्टांनी सांगितले आहे.